मुलाला फुटबॉल कोच व्हायचे आहे: शाळेत की कॉलेजात?

अबोली_टेक्सास

नमस्कार मंडळी,

आम्ही अठरा वर्षांपासून डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. नवरा आणि मी दोघेही सॉफ्टवेअरमध्ये आहोत. थोरला मुलगा यंदा बारावीत असून नववीपासून शाळेच्या फुटबॉल संघात आहे. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल. तो ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या रांगेत, राखीव गार्ड आहे. त्या जागेसाठी तो अंगापिंडाने बेताचाच आहे, त्यामुळे कॉलेजात आपल्याला कोणी खेळायला घेणार नाही हे त्याला आमच्याआधी उमगले आणि त्याने ते शांतपणे स्वीकारलेही. आम्हाला वाटले की आता हा अभ्यासाकडे वळेल, इंजिनिअरिंगचे फॉर्म भरेल. परंतु दिवाळीत, फराळाला आलेले पाहुणे गेल्यावर, त्याने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले की त्याला फुटबॉलचा कोच व्हायचे आहे.

त्याच्या वडिलांना हा निर्णय पटलेला नाही. मला काय वाटते, हे मलाच नीट सांगता येत नव्हते. म्हणून एका रविवारी दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो लॅपटॉपवर शुक्रवारच्या सामन्याचे चित्रीकरण पाहत होता. एकच खेळी त्याने दहा-बारा वेळा मागे-पुढे केली, वहीत बावीस खेळाडूंच्या खुणा काढल्या आणि मला दाखवले की आपल्या गार्डने पहिले पाऊल पुढे टाकण्याऐवजी वीतभर मागे टाकले, त्यामुळे शेजारच्या टॅकलला, म्हणजे रांगेतल्या बाजूच्या खेळाडूला, वाट मिळाली नाही आणि मागून चेंडू घेऊन धावणारा मुलगा तिथेच अडकला. प्रेक्षकांत बसून मी तीच खेळी पाहिली होती, आणि धावणाऱ्या मुलालाच दोष दिला होता. या खेळात धक्काबुक्कीखेरीज काही असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

आपल्याकडे शाळेतल्या पीटीच्या सरांना मान असतो, पण तो खेळ हा त्यांचा पूर्ण व्यवसाय आहे असे कोणी समजत नाही. इथले गणित वेगळे दिसते. शाळेचा कोच आणि कॉलेजचा कोच हे एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत की दोन निराळ्या वाटा आहेत? शाळेत नाव कमावले तर कॉलेजात जाता येते का? आणि ज्याला संसार करायचा आहे, एका गावात राहायचे आहे, अशा माणसाला हे काम मानवते का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घरात सध्या या एकाच विषयावर बोलणे होते आणि दोन्ही बाजूंना माहिती तुटपुंजी आहे.

---

गणितमास्तर

अबोलीताई, मी मध्य टेक्सासमधील एका सरकारी शाळेत चौदा वर्षांपासून बीजगणित शिकवतो आणि तितकीच वर्षे तिथल्या डिफेन्सच्या मुलांना सराव देतो. जन्म सोलापूरचा, शाळा-कॉलेज ह्यूस्टनचे. तुमच्या मुलाने ज्या वाटेकडे पाहिले आहे त्या वाटेवर मी रोज चालतो, म्हणून आधी शाळेच्या बाजूने लिहितो.

सर्वांत पहिली गोष्ट ही की टेक्सासमध्ये शाळेचा कोच हा आधी शिक्षक असतो. त्याला शिकवण्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, वर्गावर जावे लागते, पेपर तपासावे लागतात, आणि कोचिंगचे मानधन शिक्षकाच्या पगारावर वेगळे मिळते. हेड कोचचा पगार मोठ्या शाळांत बराच चांगला असतो, आणि बहुतेक ठिकाणी शाळेच्या इतर खेळांचीही जबाबदारी त्याच्याकडेच असते. पण तिथपर्यंत पोहोचणारे थोडे, आणि बाकीचे आम्ही सगळे असिस्टंट. ज्या मुख्याध्यापकाला असिस्टंट कोच हवा असतो, त्याला खरे तर एखाद्या विषयाची रिकामी जागा भरायची असते. समाजशास्त्र शिकवू शकणारे कोच पोत्याने मिळतात, गणित आणि विज्ञान शिकवणारे मिळत नाहीत. मुलाला इंजिनिअरिंगची तयारी असेल तर त्याने गणिताचे शिक्षक व्हावे. नोकरीसाठी त्याला कधी दारोदार फिरावे लागणार नाही. वडिलांची समजूत काढायलाही हा मुद्दा उपयोगी पडेल.

आता आठवड्याविषयी. शुक्रवारी रात्री सामना असतो, हे सर्वांना दिसते. सामना संपल्यावर दूरच्या गावाहून बस परत आणायची असते, आणि लहान शाळांमध्ये ती बस बऱ्याचदा कोचच चालवतो. माझ्याकडेही बसचालकाचा परवाना आहे. शाळेत पोहोचल्यावर साठ-सत्तर मुलांचे मळके कपडे धुलाईच्या यंत्रात टाकायचे, कारण चिखल आणि रक्ताचे डाग सकाळपर्यंत ठेवले तर निघत नाहीत. मी कित्येक शुक्रवारच्या रात्री त्या यंत्रापुढे उलट्या बादलीवर बसून सोमवारची चाचणी तपासली आहे. शनिवारी सकाळी दुखापती पाहणे आणि चित्रीकरण तपासणे, रविवारी दुपारपासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, गुरुवारी नववीच्या आणि कनिष्ठ संघाचे सामने. मुलांच्या सरावावर शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे, कोचच्या कामाला तशी मर्यादा नाही. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत माझी बायको दोन मुलांसह एकटीच घर ओढते, आणि संघ पुढच्या फेऱ्यांत गेला तर डिसेंबरही त्यात जातो. लग्न ठरवतानाच हे सांगावे लागते.

अस्थिरता शाळेतही आहे. मी आधी ज्या शाळेत होतो तिथे हेड कोचने चांगली सात वर्षे काढली होती, मुलांना शिस्त लावली होती, आणि तरीही दोन हंगाम पडते गेल्यावर गावातील वजनदार पालकांनी असा दबाव आणला की शाळेने त्याला वर्गावर परत पाठवले. तो त्याच वर्षी ते गाव सोडून गेला. नवीन हेड कोच आपली माणसे घेऊन आला आणि आम्हा चौघांना नवी शाळा शोधावी लागली. तेव्हा शिकवण्याचा विषय पक्का असणाऱ्यांनाच आधी नोकरी मिळाली, हे मी स्वतः अनुभवले आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाला मी एका माणसाच्या कारकिर्दीने उत्तर देतो, कारण ती तुमच्या घराच्या आसपास घडलेली आहे. टॉड डॉज हे पोर्ट आर्थरचे, शाळेत आणि पुढे टेक्सास विद्यापीठात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन खेळी चालवणारे खेळाडू, होते. २००० साली ते साउथलेकच्या कॅरोल हायस्कूलचे हेड कोच झाले. २००२ ते २००६ या पाच हंगामांत त्यांच्या संघाने ७९ सामने जिंकले आणि एकच हरला. तो सामनाही २००३ सालच्या राज्य अंतिम फेरीतला, आणि हरले ते एका गुणाने. उरलेल्या चारही वर्षी राज्याचे अजिंक्यपद त्यांच्याकडेच आले. मागे मोकळी जागा सोडून उभा राहणारा क्वार्टरबॅक, मैदानभर पसरलेले झेलणारे खेळाडू आणि दोन खेळींमध्ये अजिबात न थांबता प्रतिस्पर्ध्याला दम न खाऊ देणे, ही त्यांची पद्धत इतर शाळांचे कोच वह्या घेऊन शिकायला येत.

२००७ साली डेंटनच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने त्यांना थेट हेड कोच केले. साउथलेकपासून डेंटन मोटारीने तासभराच्या आतले अंतर आहे, पण तिथे त्यांना ६ विजय मिळाले आणि ३७ पराभव पत्करावे लागले. २०१० च्या हंगामाच्या मध्यावरच त्यांना काढून टाकले. माणूस तोच, डोके तेच, पद्धतही बरीचशी तीच होती. शाळेत संघ गावातल्या मुलांमधून उभा राहतो. सातवीतल्या मुलालाही हेड कोचची भाषा शिकवता येते आणि बारावीत तो मुलगा ती भाषा झोपेतही बोलतो. कॉलेजात मुले बाहेरून मिळवावी लागतात, शेकडो मैल फिरून, पालकांच्या बैठकीच्या खोलीत बसून, तुमच्यापेक्षा मोठ्या विद्यापीठांशी स्पर्धा करत. तो धंदा निराळा आहे, आणि तो वर असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी शिकायचा नसतो.

त्यानंतर डॉज यांनी एक वर्ष पिट्सबर्ग विद्यापीठात क्वार्टरबॅकना शिकवले आणि मग ते मार्बल फॉल्स नावाच्या लहान गावातल्या शाळेत परत आले. २०१४ पासून ऑस्टिनच्या वेस्टलेक हायस्कूलला, आणि तिथे २०१९, २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे. यातल्या मधल्या वर्षाचा अंतिम सामना साथीमुळे लांबून जानेवारी २०२१ मध्ये आर्लिंग्टनच्या मोठ्या स्टेडियममध्ये झाला. समोर त्यांचीच जुनी शाळा साउथलेक कॅरोल होती, आणि तिचे हेड कोच होते त्यांचे चिरंजीव रायली डॉज. वडिलांचा संघ ५२ विरुद्ध ३४ असा जिंकला. मी तो सामना घरी पाहिला. शिट्टी वाजल्यावर बापलेक मैदानाच्या मध्ये एकमेकांकडे चालत गेले, तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले की यातले कोण हरले, आणि मला लगेच उत्तर देता आले नाही.

शाळेत परत येण्याला आमच्या मंडळींमध्ये कोणीही पदावनती समजत नाही. मुलाने कॉलेजात जायचेच ठरवले तर त्याची वाट ग्रॅज्युएट असिस्टंटपासून सुरू होते, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची फी आणि जेमतेम भत्ता यांच्या बदल्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. पुढे एकेका जागेचा कोच, आणि हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर सगळ्यांचेच बिऱ्हाड हलते. त्यात जम बसवणारे लोक आहेत आणि ते कामावर जीव टाकतात. पण एका गावात राहायचे हा जर अटीचा मुद्दा असेल, तर शाळाच बरी.

---

जुना_ओहायोकर

मी १९७४ साली सिनसिनाटीत आलो आणि आता सत्तरी ओलांडली आहे. गणितमास्तरांनी डॉज यांच्याविषयी जे लिहिले ते वाचताना मला सतत आमच्या गावच्या जेरी फाउस्ट यांची आठवण येत होती. ही कथा त्याहून पंचवीस वर्षे जुनी आहे आणि मला तरी अधिक हृदयाला लागणारी वाटते.

आर्चबिशप मोलर हायस्कूल ही मुलांची कॅथलिक शाळा १९६० मध्ये सुरू झाली. तिथला फुटबॉल संघ फाउस्ट यांनी अक्षरशः शून्यातून उभा केला. १९७५, १९७६, १९७७, १९७९ आणि १९८० अशी पाच वर्षे राज्याचे अजिंक्यपद मोलरकडे होते. मी आलो तेव्हा शहरातल्या कार्यालयांत सोमवारी सकाळी मोलरच्या सामन्यावर बोलणे होत असे, आणि ज्यांची मुले त्या शाळेत नव्हती तेही बोलत. फाउस्ट यांचा आवाज सदा बसलेला, घोगरा. श्रद्धाळू, मोकळ्या स्वभावाचे, ज्याला भेटतील त्याचे नाव लक्षात ठेवणारे. त्यांचे एक स्वप्न सर्वांना माहीत होते, ते म्हणजे फुटबॉलसाठी देशभर गाजलेल्या नोटर डेम विद्यापीठाचा कोच होणे.

आणि ते स्वप्न खरे झाले. डॅन डिव्हाइन पायउतार झाल्यावर नोटर डेमने १९८१ च्या हंगामासाठी देशातील कोणत्याही नामांकित कॉलेज कोचला न बोलावता सिनसिनाटीच्या शाळेतील या कोचला बोलावले. कॉलेजात त्यांनी त्याआधी असिस्टंट म्हणूनही एक दिवस काम केलेले नव्हते. पहिल्या सामन्यात लुइझियाना स्टेटला हरवले आणि संघ देशात पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्याच आठवड्यात मिशिगनकडून हरले. हंगाम ५ विजय आणि ६ पराभव असा संपला. पाच वर्षांत एकूण ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी झाली. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात ही कामगिरी कोणी मनावरही घेतली नसती, परंतु नोटर डेममध्ये ती असह्य होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर उरलेल्या शेवटच्या सामन्यात मायामीने त्यांच्या संघाला ५८ विरुद्ध ७ असे धुतले. माझ्या घरी त्या दिवशी चार सिनसिनाटीकर शेजारी बसले होते, आणि दुसऱ्या अर्ध्यात कोणीतरी उठून टीव्हीचा आवाज बंद केला. पुढे लू होल्ट्झ आले आणि १९८८ साली त्याच विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

फाउस्ट यांनी मात्र नोटर डेमविषयी मनात कधी कडवटपणा ठेवला नाही. ते ॲक्रन विद्यापीठात गेले, नऊ वर्षे राहिले, तिथेही जितके जिंकले त्यापेक्षा अधिक हरले, आणि तरीही ओहायोतच म्हातारे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले तेव्हा इथल्या वृत्तपत्रांतून सर्वाधिक बोलत होती ती मोलरची माजी मुले, जी आता स्वतः आजोबा झाली आहेत. माझे मत असे की त्यांची चूक कॉलेजात जाण्यात नव्हती, मधल्या सगळ्या पायऱ्या गाळण्यात होती. मोलरमध्ये त्यांची मुले बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस असत. नोटर डेमला समोर येणारा प्रत्येक संघ तुल्यबळ होता, आणि अशा वेळी सामन्याच्या मध्यावर बेत कसा बदलायचा हे जे शिकावे लागते, ते त्यांना सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर शिकावे लागले.

पण अबोलीताई, याच ओहायोत याच्या अगदी उलट घडलेले आहे, आणि मुलाला तेही सांगा. पॉल ब्राउन यांनी १९३२ ते १९४० या काळात मॅसिलॉन या पोलाद कारखान्यांच्या गावातील शाळेला शिकवले. त्यांच्या तिथल्या नऊ वर्षांचा हिशेब ८० विजय, ८ पराभव आणि २ बरोबऱ्या असा आहे. ते मुलांकडून खेळींच्या वह्या लिहून घेत, त्यावर लेखी परीक्षा घेत, चित्रीकरण दाखवून शिकवत. तुमचा मुलगा रविवारी जे करतो त्याचा उगम बराचसा तिथला आहे. १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना घेतले, तेव्हा राज्यातील शाळांच्या कोचांनी त्यांच्या बाजूने जोर लावला होता. १९४२ मध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता ठरले, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्लीव्हलँडच्या संघाला त्यांचेच आडनाव मिळाले. १९४६ साली त्यांनी त्या संघात बिल विलिस आणि मॅरियन मोटली या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतले, बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या एक वर्ष आधी. विलिस त्यांच्याकडे ओहायो स्टेटमध्ये खेळलेले होते, तर मोटली हे मॅसिलॉनची कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कँटन मॅकिन्ली शाळेचे. शाळा-कॉलेजच्या मैदानांवर पारखलेली माणसे त्यांनी लक्षात ठेवली होती.

ब्राउन यांना जमले आणि फाउस्ट यांना नाही, याचे एक कारण मला काळात दिसते. १९४१ साली ओहायो स्टेटला मुले मिळत ती बहुतांश ओहायोच्या शाळांतून, आणि त्या शाळांचे सगळे कोच ब्राउन यांना ओळखत. १९८१ साली नोटर डेमला अख्ख्या देशातून मुले आणावी लागत. आता तर खेळाडूंना नाव, चेहरा यांचे पैसे मिळतात, दरवर्षी विद्यापीठ बदलता येते, आणि कॉलेजच्या कोचचा अर्धा वेळ आहे ती मुले टिकवण्यातच जातो.

---

अबोली_टेक्सास

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. डॉज पितापुत्रांचा सामना मुलाला पाठ होता. त्याने मला तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय झाले ते सांगितले. ओहायोकरकाका, फाउस्ट यांच्याविषयीचा मजकूर मी मोठ्याने वाचला आणि ह्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवून ऐकला, हे गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा झाले.

एक शंका उरली आहे. मुलगा स्वतः खेळत होता तेव्हा डोक्याच्या दुखापतीची भीती मला चार वर्षे होती, आणि आता तो इतरांच्या मुलांना खेळवणार. दुसऱ्या आईच्या मुलाला मैदानावर पडलेले पाहून तो घरी काय मनाने येईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांनी या खेळात मुलांना जपून शिकवले, असे कोणी कोच आहेत का?

---

बर्फाळ_मिनेसोटा

अबोलीताई, असे कोच होते, आणि कॉलेज फुटबॉलच्या संपूर्ण इतिहासात त्यांच्याइतके सामने आजवर कोणीही जिंकलेले नाहीत. माझा मुलगा कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्स विद्यापीठात शिकला. तो फुटबॉल खेळत नसे, पण चार वर्षे शनिवारी दुपारी आम्ही तिथल्या पाइनच्या झाडांनी वेढलेल्या, खोलगट जागेत वसलेल्या मैदानाच्या उतारावर बसून सामने पाहिले आहेत. तिथे जॉन गॅग्लिआर्डी कोच होते.

त्यांची सुरुवात तुमच्या मुलापेक्षाही लहान वयातली. १९४३ मध्ये कोलोरॅडोतील ट्रिनिडाड या खाणकामगारांच्या गावात ते शाळेच्या संघाचे कप्तान होते. त्यांच्या कोचला महायुद्धासाठी सैन्यात बोलावले आणि शाळा फुटबॉल बंद करण्याच्या विचारात होती. सोळा वर्षांच्या जॉननी शाळेला गळ घातली की आम्ही आमचे आम्हीच खेळतो, आणि तेच कोच झाले. खेळाडू म्हणून आपल्याला ज्या गोष्टींचा जाच होत असे, त्या त्यांनी बंद केल्या: शिक्षा म्हणून धावणे, अंगमेहनतीच्या कवायती, तहान लागली तरी पाणी न देणे, आणि सरावात आपल्याच मित्रांना जमिनीवर आपटणे. पुढे कॉलेजचे शिक्षण घेतानाही ते कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एका शाळेला शिकवत होते. १९४९ मध्ये मोंटानातील कॅरोल कॉलेज, आणि १९५३ पासून २०१२ पर्यंत सलग साठ हंगाम सेंट जॉन्स. एकूण हिशेब: ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबऱ्या. राष्ट्रीय अजिंक्यपदे चार, पहिले १९६३ साली आणि शेवटचे २००३ साली, म्हणजे त्या दोहोंमध्ये चाळीस वर्षे.

त्यांच्या सरावात टॅकल, म्हणजे समोरच्याला धडकून खाली पाडणे, नव्हते. मुलगा योग्य जागी पोहोचला, हात योग्य ठिकाणी आले, की तिथेच थांबायचे. शिट्टी नव्हती, ढकलायच्या लोखंडी गाड्या नव्हत्या, व्यायामाची सक्ती नव्हती, सराव दीड तासाच्या आत संपे. त्यांना कोच अशी हाक मारायलाही बंदी होती. अठरा वर्षांची मुले ऐंशी वर्षांच्या माणसाला जॉन म्हणत, आणि सुरुवातीला नव्या मुलांची जीभ अडखळत असे. संघातून कोणालाही वगळत नसत, त्यामुळे मैदानाच्या कडेला दीडशेहून अधिक मुले गणवेशात उभी दिसत. मी एकदा सरावाच्या वेळी तिथे गेलो होतो. ऑक्टोबरची हवा होती, ऊन कोवळे होते. मुले गवतावर उताणी पडून शेजाऱ्याला सांगत होती की आजचा दिवस काय छान आहे. मला वाटले की ही विश्रांती आहे. माझ्या मुलाने सांगितले की हा त्यांच्या सरावाचाच भाग आहे, त्याला नावसुद्धा आहे.

हे खेळांच्या वर्गवारीत तिसऱ्या श्रेणीचे (डिव्हिजन थ्री) कॉलेज, म्हणजे तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. खेळाडू शिकायला आलेले असतात आणि खेळतात. गणितमास्तरांनी शाळा आणि कॉलेज यांच्यात जी भिंत दाखवली, ती मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत खरी आहे. अशा लहान कॉलेजांत ती बरीच बुटकी होते. कोच वर्गही घेतो, एका गावात राहू शकतो. गॅग्लिआर्डी तर फुटबॉल कोचिंगचा एक अभ्यासक्रमच शिकवत, आणि फुटबॉल न खेळणारी मुलेमुलीही त्याला येऊन बसत. पगार अर्थातच टीव्हीवर दिसणाऱ्या कोचांसारखा नसतो.

दुखापतींबाबत त्यांचा विचार आता एकट्याचा राहिलेला नाही. डार्टमथ कॉलेजचे बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावातून टॅकल काढून टाकले, त्यांच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी धावणारा यांत्रिक पुतळा बनवला आणि मुले त्याला टॅकल करून शिकली. २०१६ मध्ये सगळ्या आयव्ही लीगने, म्हणजे डार्टमथ ज्यात आहे त्या जुन्या विद्यापीठांच्या गटाने, हंगामातील सरावात टॅकल बंद केले. तुमच्या टेक्सासनेही २०१३ मध्ये शाळांच्या पूर्ण धडकेच्या सरावावर खेळाडूमागे आठवड्याला ९० मिनिटांची मर्यादा घातली. सामन्यातला धोका यामुळे नाहीसा होत नाही आणि तसे मी म्हणणारही नाही. पण एखाद्या मुलाच्या डोक्याला वर्षभरात किती धक्के बसतात, हे फार करून सरावात ठरते, आणि सराव कसा घ्यायचा हे कोचच्या हातात असते. तुमच्या मनात जी भीती आहे ती घेऊनच मुलाने या कामात यावे, असे मला वाटते. ज्याला ती भीतीच नाही, त्याच्या हाती मी माझा मुलगा दिला नसता.

---

गणितमास्तर

बर्फाळ_मिनेसोटा यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आमच्याकडे प्रत्येक शुक्रवारी प्रशिक्षित ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो, आणि मुलाला बाहेर बसवायचे की नाही हा निर्णय त्याचाच असतो. ती मुभा माझ्याकडे नाही, याचे मला बरेच वाटते. दोन वर्षांपूर्वी उपांत्य फेरीत माझा सर्वांत चांगला लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, डोक्याला मार लागल्याचे लपवून परत मैदानात जायला निघाला होता. ट्रेनरने त्याचे हेल्मेट काढून स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि सामना संपेपर्यंत ते कोणालाही दिले नाही. आम्ही हरलो. तो मुलगा आता ह्यूस्टनला नर्सिंग शिकतो आहे.

अबोलीताई, तुम्ही आणि तुमचे यजमान मुलाला घेऊन मे महिन्यात आमच्याकडे या. तेव्हा वसंतातला सराव असतो, सामन्यांचा ताण नसतो. त्याला एक दिवस आमच्या बैठकीत बसवू, दुपारी बीजगणिताच्या तासालाही बसवू. दोन्ही पाहून झाल्यावर त्याला काय आवडले ते विचारा. जुलैमध्ये टेक्सास हायस्कूल कोचेस असोसिएशनचे मोठे शिबिर भरते. तिथे हजारो कोच एका छताखाली भेटतात, आणि पहिल्या नोकऱ्यांची बोलणी बरीचशी तिथल्या व्हरांड्यात होतात. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून त्याने तिथे जायला सुरुवात केली तरी पुरे.

---

अबोली_टेक्सास

मेमध्ये आम्ही तिघेही नक्की येतो. ह्यांनी कॅलेंडरवर तारीख मोकळी ठेवली आहे, आणि गणिताच्या शिक्षकांचा पगार किती असतो हे काल त्यांनीच शोधून काढले.

मुलाला सगळे प्रतिसाद वाचायला दिले. गॅग्लिआर्डी यांच्याविषयीचा भाग त्याने दोनदा वाचला आणि सरावात टॅकल नसेल तर लाइनमनला खांद्याचा कोन कसा शिकवत असतील, यावर वहीत पानभर काहीतरी लिहिले. मग माझ्याकडे येऊन विचारले की बसचालकाचा परवाना अठराव्या वर्षी काढता येतो का, कारण त्याला फेब्रुवारीत अठरा पूर्ण होतात.